बर्फावर राहिलेल्या डॉक्टरणीबद्दल

अण्णा,

बाजाराचा दिवस आहे. तुम्ही मशीनवर बसला आहात, पाय पायडलवर आहे, ओठांत दोन टाचण्या धरल्या आहेत. मी कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसले आहे आणि मोठ्यानं पुस्तक वाचते आहे. बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या आहेत, कुणीतरी बैलावर ओरडतं आहे, शेजारच्या हॉटेलातून भज्यांचा वास येतो आहे आणि आपल्या दुकानाच्या बाकड्यावर, फळीवर, पायरीवर माणसं बसून आहेत. त्यातल्या निम्म्यांना काही शिवायचंच नाही, ती ऐकायला आली आहेत. जवळा गावातल्या आपल्या त्या दुकानाची आठवण आली की मला आधी हेच दिसतं, आणि त्यातही तुमच्या चेहऱ्याआधी तुमचा थांबलेला पाय दिसतो. गोष्ट रंगात आली की मशीनचा आवाज बंद व्हायचा. मी पुस्तकातून डोकं वर काढायची, तर तुम्ही हातानंच सांगायचात, वाच, वाच.

तुम्ही बोलताना अडखळायचात. लहानपणी मला त्यात वेगळं काही वाटायचं नाही, सगळ्यांचेच वडील असे बोलत असतील असं वाटायचं. शाळेत जायला लागल्यावर कळलं की गावात तुम्हाला तोतऱ्या टेलर म्हणतात. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण नवख्याला पत्ता सांगताना सर्रास म्हणायचे, आणि म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. तुम्ही मात्र त्यापायी चारचौघांत बोलणंच सोडून दिलं होतं. माप घेताना आकडे तेवढे तोंडातून निघायचे. बाकी सगळं तुम्ही माझ्या कानाशी सांगायचात आणि मी मोठ्यानं म्हणायची, "अण्णा विचारून राहिले, बाही किती ठेवायची?" विहारातल्या बैठकीत, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे माझं बोलणं 'अण्णा म्हणतात' इथूनच सुरू व्हायचं. घरात मात्र तुम्ही आईशी आणि माझ्याशी भरपूर बोलायचात, अडत अडत, पण भरपूर. तुमच्या आत काय काय साठलेलं असायचं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर अवकाशातल्या प्रवासाची एक हिंदी मालिका लागायची. हॉटेलवाल्या काकांच्या टीव्हीपुढे आपण सगळे जमायचो. लाईट गेली की काका ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचे, आणि ती जोडेपर्यंत काय काय घडून गेलं असेल यावरच वाद सुरू व्हायचा. पाच जणांचं एक यान पाण्याच्या शोधात दूरच्या एका बर्फाळ चंद्रावर उतरतं. कप्तान असतो, दोन चालक असतात, एक म्हातारा शास्त्रज्ञ असतो आणि एक डॉक्टरीण असते. एक दिवस डॉक्टरीण यानापासून लांब गेलेली असताना बर्फ फुटायला लागतो. थांबलं तर यान बुडणार, म्हणून कप्तान तिला तिथंच ठेवून उड्डाण करतो. खाली ती एकटी उभी असते आणि यान वर जात राहतं. आपण पाहिलेला शेवटचा भाग इथं संपला. पुढच्या रविवारी सगळे आंघोळी करून, जागा धरून बसले, तर त्या वेळेला दुसरीच कसली तरी मालिका लागली. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. काकांनी टीव्हीला दोन थापडा मारून पाहिल्या, पण तो दोष टीव्हीचा नव्हता. मालिका बंद पडली होती. डॉक्टरणीचं पुढं काय झालं हे कुणालाच कळलं नाही.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेत तुम्ही नेहमीसारखं लहान लेकरांची झबली आणि टोपडी विकायला औंढ्याला बसला होता. परत आलात ते पिशवीतून एक पुस्तक काढतच. आरत्यांच्या पुस्तकांत आणि भविष्याच्या चोपड्यांत तुम्हाला ते दिसलं होतं. मुखपृष्ठावर त्या मालिकेतल्याच कप्तानाचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'गाजलेल्या मालिकेवर आधारित कादंबरी'. लेखक मराठी होते, मालिका पाहून आणि तिचं लिखाण वाचून त्यांनी ते मराठीत लिहिलं होतं. तुमच्या हातात पिशवी तशीच होती, ती खाली ठेवायचं भान नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ह्यात अ-असंल. पुढचं ह्यात असंल." मी शेवटचं पान उघडायला गेले तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारली. सगळ्यांसमोर वाचायचं, पहिल्यापासून, असं तुम्ही ठरवूनच आला होता.

म्हणून मी वाचत होते. मला वाटतं, जवळ्यात त्याआधी आणि त्यानंतरही एका पुस्तकाबद्दल इतकी मतं कधी निघाली नसतील. विज्ञान शिकवणारे गुरुजी पँट आल्टर करायला आले आणि तिथंच अडकले. ते म्हणाले, अवकाशात हवा नाही, मग बाहेर उल्का फुटल्याचा आवाज यानातल्यांना कसा आला, ही लेखकाची घोडचूक आहे. त्यावर हॉटेलवाले काका म्हणाले, "गुरुजी, आवाजच न्हाई आला तर मजा काय राह्यली?" काकांचं स्वतःचं मत असं होतं की टीव्हीतला कप्तान मोजकं बोलायचा आणि पुस्तकातला लईच भाषण करून राहिला. आडतीवरच्या मुनीमजींना म्हातारा शास्त्रज्ञ पटला होता, कारण तो हिशोबानं वागायचा. साखरा गावची मावशी चार दिवसांसाठी आली होती, तिनं एकच विचारलं, "त्या बाईला लेकरंबाळं हायत का न्हाई, ते अजून काहून सांगितलं न्हाई?" पुस्तकात खरंच ते कुठं नव्हतं. तुम्ही मात्र मत देत नव्हता. मी वळून पाहिलं की म्हणायचात, "सं-संपू दे."

संपलं तेव्हा काय झालं ते मला लख्ख आठवतं. कादंबरीत कप्तान उड्डाण करतो. वरून तो काचेतून खाली बघतो, तर बर्फावर एक दिवा हलताना दिसतो, लहान होत जाणारा. मग एकदम पुढचं प्रकरण सुरू होतं. यान पृथ्वीवर उतरतं, लोक हार घेऊन उभे असतात, कप्तानाला पदक मिळतं, डॉक्टरणीचं नाव एका ताऱ्याला देतात, समाप्त. मी पुस्तक मिटलं. मुनीमजी म्हणाले, "कप्तानाचं बराबर हाय. एकीपायी चौघं मारायचे का?" काही माना हलल्या. आई दुपारचा डबा घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, "तिच्या मायला कुणी सांगितलं?" आणि मग तुम्ही मशीनवरून उठलात. मांडीवरचा शर्ट खाली पडला. चारचौघांत तुम्ही मोठ्यानं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही पूर्ण ऐकायला मिळालं नाही. "दि-दि-दिवा," एवढंच तुम्ही म्हणालात. पुढचं काही केल्या येईना. तुमच्या मानेची शीर ताठ झाली. सगळे खाली बघायला लागले, तसे तुम्ही खाली बसलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "अण्णा म्हणतात, दिवा हलून राहिला होता. म्हणजे ती जिती होती."

पुढं काही दिवसांनी हॉटेलात येणाऱ्या पेपरच्या रविवार पुरवणीनं वाचलेल्या पुस्तकांवर वाचकांची मतं मागवली. तुम्ही दुपारी घरी आलात आणि मला वही घ्यायला लावली. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही भिंतीला टेकून सांगत होता आणि मी लिहीत होते. माझ्या लिहिण्याचा वेग आणि तुमच्या बोलण्याचा वेग इतका जुळला की तुम्ही अडखळता आहात हे मला जाणवलंसुद्धा नाही. एकेक शब्द येत होता आणि तो येईपर्यंत माझा आधीचा लिहून होत होता. तुम्ही सांगितलं होतं की ही कादंबरी आम्ही पुष्कळ जणांनी मिळून वाचली, भाषा सोपी आहे, सगळ्यांना समजली. पण शेवट मान्य नाही. माणूस मागे ठेवून येणाऱ्याला हार घालणं बरं नाही. डॉक्टरीण जिवंत होती, कारण दिवा हलत होता. तो दिवा लेखकानंच लिहिला आणि पुढच्या पानावर लेखकच विसरला. तिला परत आणावं. आई भाकरी उलटत म्हणाली, "तिच्या मायचंबी लिहा." मग तेही लिहिलं.

मत छापून आलं. खाली तुमचं नाव, गावाचं नाव, सगळं बरोबर होतं. वर तीन वाक्यं होती. कादंबरी आम्ही पुष्कळ जणांनी मिळून वाचली. भाषा सोपी आहे. शेवट मनाला चटका लावून जातो.

सकाळपासून माणसं दुकानात यायला लागली. सरपंच आले, गुरुजी आले, विहारातली मंडळी आली. कुणी पेढा भरवला, कुणी पाठीवर हात ठेवला. आपल्या आळीतल्या माणसाचं नाव पेपरात आलं होतं, आणि तेही पुस्तकाबद्दल बोलताना, ही लहान गोष्ट नव्हती. काकांनी तर ते कात्रण हॉटेलच्या भिंतीवर चिकटवून टाकलं. तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडत होता आणि तुमचा चेहरा उतरत चालला होता. गर्दी पांगल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हे म-मी न्हाई बोललो." मी म्हणाले, जागा कमी असेल, काटलं असेल. तुम्ही म्हणालात, "काटलं असतं तर चाललं असतं. चटका म-म्या कुठं म्हणलो?" तुमच्या सांगण्यावरून मी पुन्हा लिहून पाठवलं, ते आलं नाही. मुनीमजी येता-जाता म्हणायचे, "शेवटी तुमालाबी शेवट आवडलाच की." माणसाला आयुष्यभर बोलता येत नाही, आणि एकदा काय ते छापून येतं तर ते दुसऱ्याच कुणाचं निघतं. तुम्ही काकांच्या हॉटेलात चहाला जाणं बंद केलं. काकांना कारण कळेना, ते बिचारे कपबशी घेऊन दुकानात यायला लागले.

मधे बराच काळ गेला. हिंगोली वेगळा जिल्हा झाला. माझी बारावी झाली आणि नांदेडला रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स असतो, तो मी करावा असं गुरुजींनी सुचवलं. आईची हरकत नव्हती, पण भाजी निवडताना तिच्या तोंडून एकदा निघून गेलं, "ही गेल्यावर तुमचं कोण बोलंल?" तुम्ही उठून दुकानात गेलात. मीही मनाशी ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. कुणाला तसं सांगितलं नव्हतं, पण फॉर्मही भरत नव्हते.

त्याच दिवसांत हिंगोलीला पुस्तकांचं प्रदर्शन भरलं आणि त्यात एका दुपारी त्या कादंबरीचे लेखक बोलणार होते. गुरुजींनी बातमी आणली. तुम्ही त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. लग्नसराई होती, कापडं तशीच पडली होती, तरी बंद ठेवलं. स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला, पुस्तकाला घरातल्या खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं ते काढून ठेवलं, आणि आपण बसमध्ये बसलो. औंढ्याला बस थांबली तेव्हा तुम्ही मला हळूच विचारलंत, "काय व-विचारशील, म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. तुम्ही मान हलवली. हिंगोली येईपर्यंत तुम्ही ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, आणि दर वेळी तुमचं तोंड किंचित वाकडं होत होतं, मी कुठं चुकते आहे ते मला कळत नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये पुढे अधिकारी, प्राध्यापक, मागे मुलं आणि आपण. लेखक बारीक चणीचे, थकलेले, साधे गृहस्थ होते. ते आपल्या दुसऱ्या पुस्तकांबद्दल बोलले, त्या कादंबरीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मग सूत्रसंचालक म्हणाले, प्रश्न विचारा, पण थोडक्यात. मी उठायला लागले. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि तुम्ही उभे राहिलात.

"ती ड-ड-ड," तुम्ही म्हणालात. मागची मुलं हसली. पुढचे लोक वळून बघायला लागले. "ड-ड," तुम्ही पुन्हा सुरू केलं. सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही बसा, मुलीला विचारू द्या." मी अर्धी उठलेच होते. तुमचा हात माझ्या खांद्यावरून निघाला नव्हता, तो इतका जड होता की मला उठताच येईना. तेवढ्यात लेखकांनी सूत्रसंचालकांना हातानं थांबवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसते तुमच्याकडे बघत राहिले, घाई नसलेल्या माणसासारखे. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तुम्ही डोळे मिटलेत, श्वास घेतलात, आणि म्हणालात, "डॉक्टरीण जिती होती. तुमी तिला काहून सोडून आलात?"

तुम्ही 'कप्तान' म्हणाला नाहीत, 'तुमी' म्हणालात. बसमध्ये मी ते चुकवत होते, मी 'कप्तानानं का सोडलं' असं म्हणत होते.

लेखकांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. तिला मी सोडून आलो नाही हो, मला तिला आणू दिलं नाही. मालिकावाल्यांनी सांगितलं होतं की तिला तिथंच ठेवा. पुढचा भाग निघणार होता आणि त्यात ती परत येणार होती. तोवर तिला हात लावायची मला परवानगी नव्हती. मग मालिकाच बंद पडली. पुढचा भाग निघाला नाही आणि ती तिथं राहून गेली." कुणीतरी हसलं, पण लेखक हसले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर ते पुस्तकांच्या टेबलांमधून वाट काढत आपल्याकडे आले. तुम्ही पुस्तक पुढे केलंत. सही करता करता त्यांनी विचारलं, "काय करता आपण?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "शि-शिवतो. टेलर हाव." तेव्हा मात्र ते हसले. म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सांगायला हरकत नाही. कापड त्यांचं होतं, माप त्यांचं होतं, मी नुसतं शिवून दिलं. पण तो हलणारा दिवा त्यांच्या लिखाणात नव्हता. तो मी घातला. कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं." तुम्ही त्यांचा हात दोन्ही हातांत धरलात आणि बराच वेळ सोडला नाहीत. त्यांनीही तो काढून घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा तुम्हाला मिळाली होती. औंढ्यापर्यंत तुम्ही बाहेरच बघत होता. मला वाटलं, थकलात, किंवा त्या मुलांच्या हसण्याचं मनाला लागलं. मग तुम्ही एकदम वळलात. तुमचे डोळे चमकत होते. "म्हणजे ती जिती हाय," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "व्हय अण्णा." तुम्ही म्हणालात, "येणारच होती. ठरलं होतं तिचं." आणि मग तुम्ही जवळा येईपर्यंत बोलत राहिलात, कंडक्टर ऐकत होता, पुढच्या सीटवरची बाई ऐकत होती, तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे विचारायला आले. मी सवयीनं सुरुवात केली, "अण्णा तिथं उठले आणि," तर तुम्ही म्हणालात, "थांब. म-मी सांगतो." आणि तुम्ही सांगितलंत. त्याला दुपार लागली. मुनीमजी आडतीवर जायचे थांबले, काकांची भजी कढईत करपली, गुरुजींनी शाळेची घंटा ऐकून न ऐकल्यासारखी केली. 'चष्मा काढून ठेवला' या शब्दांशी तुम्ही इतका वेळ थांबलात की सगळ्यांनी आपापले श्वास धरून ठेवले. मधेच कुणी शब्द पुरवायला गेलं तर बाकीचे त्याला गप्प करायचे. दिव्याचं सांगून झालं तेव्हा काका उठले, आपल्या हॉटेलात गेले, आणि भिंतीवरचं कात्रण नखानं खरवडून काढायला लागले. ते नीट निघालंच नाही, अर्धं तिथं राहिलं. पण त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे चहाला गेलात.

पुढं कितीतरी बाजार डॉक्टरणीला परत आणण्यातच गेले. गुरुजींचं मत होतं की त्या चंद्राच्या बर्फाखाली ऊब असणार, ती तिथं तग धरेल. मुनीमजींनी शेवटी मान्य केलं की दुसरं यान पाठवण्यात तसा तोटा नाही. काका म्हणायचे, कप्तानानंच जावं, दुसऱ्या कुणी जाण्यात मजा नाही. आई म्हणायची, कुणीबी जा, पण जाताना तिच्या मायला सोबत न्या. तुम्ही प्रत्येकाचं ऐकून घ्यायचात आणि मग स्वतःचं सांगायचात, आणि ते दर वेळी वेगळं असायचं.

मी नांदेडला गेले. वसतिगृहाच्या बाईंशी तुम्ही स्वतः बोललात. त्या अधीर होत्या, पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होत्या, आणि तुम्ही शांतपणे, एकेक शब्द करत, मुलीला आंबट चालत नाही, तिला लवकर सर्दी होते, हे सगळं सांगितलंत. मी बाजूला ट्रंक धरून उभी होते आणि पहिल्यांदाच मला बोलायला काही उरलं नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. मला बरं वाटलं, कारण मी रडत होते. नंतर तुम्ही फोन करायचात तेव्हा आधी नुसता श्वास ऐकू यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, फोन कट झालाय, ठेव. मी ठेवायची नाही. त्या श्वासावरून मला कळायचं की तुम्ही आहात आणि काहीतरी चांगलं सांगणार आहात. माझा कोर्स झाला, परभणीला नोकरी लागली, लग्न झालं. तुम्ही माझ्या पोरीसाठी पहिलं झबलं शिवलंत, आणि तिला बोलता येण्याआधीच कावीळ होऊन गेलात. तुमचं रक्त मीच तपासलं होतं. आकडे माझ्या हातात होते आणि तुम्ही विचारलंत, "ब-बराबर हाय ना?" मी म्हणाले, बराबर हाय.

आता ती पोर कॉलेजात जाते. परवा तिनं मोबाइलवर ती जुनी मालिका शोधून काढली. त्याच्या खाली त्या कादंबरीबद्दलही लोकांनी लिहिलंय. कुणी म्हणतं बालिश आहे, कुणाला आपलं बालपण आठवतं, कुणी म्हणतं मालिकेवरून पाडलेली असली पुस्तकं वाचायच्याच लायकीची नसतात. पोर म्हणाली, आई, तू पण लिही की. मी लिहायला बसले आणि दोन ओळींनंतर कळलं की मी त्या लोकांसाठी लिहीतच नाही, तुम्हाला लिहिते आहे. मग मोबाइल ठेवला आणि कागद घेतला. हे कुठं पोचवायचं नाही, म्हणून शुद्धलेखनही तपासत बसले नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. यात तुमचं अडखळणं जिथं जिथं लिहिलंय, ते मी अंदाजानं लिहिलंय. त्या हॉलमध्ये तुम्ही 'ड'वर अडलात एवढं पक्कं माहीत आहे. बाकी कुठल्या अक्षरावर अडायचात, किती वेळ, ते मला आता आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचं इतकं वाईट वाटलं की मी लिहिणं थांबवून गावाकडे आईला फोन लावला. विचारलं, आई, अण्णा कुठल्या शब्दावर अडायचे गं? ती म्हणाली, "अडत होते व्हय? मला तर कधी तसं वाटलं न्हाई बाई."